नावेच्या पोटाला तेल

नावेचा जो भाग पाण्यात असतो त्याला तुम्ही तळ म्हणत असाल किंवा बूड म्हणत असाल. आमच्या घाटावर हा दुसरा शब्द तोंडातून निघाला की जुनी माणसे कानांवर हात ठेवायची. नावेत बसून 'बूड' म्हणणे म्हणजे तिला तशी आज्ञाच देणे. एकदा शाळेवर बदलून आलेले एक गुरुजी चढता चढता सहज बोलून गेले, "हिचे बूड गळत तर नाही ना?" माझ्या सासूबाईंनी त्यांना खाली उतरवले, पाय धुवायला लावले आणि उजव्या पायाने पुन्हा चढवले. पलीकडचा काठ येईपर्यंत गुरुजी हात जोडूनच बसले होते. आम्ही पोट म्हणतो. नावेचे पोट. पुढेही मी तोच शब्द वापरणार आहे. आमची नाव आता पाण्यात नाही, पण सवय आहे.

ढिवर म्हणजे नाव आणि जाळ्यावर पोट भरणारी आमची जात. मी ढिवराची मुलगी आणि ढिवराचीच सून, तरी घाटावर जन्मलेली नाही. माझे वडील वणीला कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनात तेलवाले होते. लांब चोचीचा डबा घेऊन दिवसभर यंत्राच्या सांध्यासांध्यात तेल घालत फिरायचे. "ओरडल्यावर तेल टाकते तो तेलवाला नोहे, ओरडूच देत नाही तो तेलवाला," असे त्यांचे म्हणणे. त्यांनी मला सातवीपर्यंत शिकवले आणि वर्धा नदीच्या एका घाटावर दिले. अलीकडे आमचा यवतमाळ जिल्हा, पलीकडे चांदा, म्हणजे आताचे चंद्रपूर, आणि मध्ये सासरची नाव. घाटावर आल्यावर मी उतारूंना चढवणे-उतरवणे शिकले, नावेत साचलेले पाणी उपसणे शिकले, फळ्यांच्या फटीत राळेत भिजवलेली सणाची, म्हणजे तागाची, दोरी ठोकून बसवणे शिकले. बल्ली मात्र पुरुषांनी धरायची. बल्ली म्हणजे लांब बांबू. तो नदीच्या वाळूत रोवायचा, अंगाचा भार टाकायचा आणि नाव पुढे रेटायची. मध्यावर, जिथे बल्ली टेकत नाही तिथे, वल्हे मारायचे.

नावेत माणसांचे स्वभाव लवकर कळतात. नवी नवरी नदीच्या मध्यापर्यंत रडायची; मध्य ओलांडला की पदर सावरून सासरचा काठ बघू लागायची. हे मी इतक्या वेळा पाहिले की नवरी चढली की मी मागे वळून बघायचीच नाही, आवाजावरून नाव कुठे आली ते कळायचे. पलीकडच्या तांड्यावरची सोनी याडी शेळ्या घेऊन वणीच्या बाजाराला यायची. बंजाऱ्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई, आणि ती सगळ्या घाटाचीच याडी होती. शेळ्यांना ती एकेकीचे नाव घेऊन बसवायची. माणसांना मात्र नुसते "ए, सरक" म्हणायची.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. बाहेरच्यांना वाटते, जोरात रेटले की नाव चालते. तसे नाही. रेटणे थांबल्यावर ती किती जाते, ते बघायचे. चांगली नाव एका रेट्यात पुष्कळ घसरत जाते आणि तेवढा वेळ नावाड्याचा खांदा विसावा घेतो. आमची नाव रेटा थांबला की अडेल कालवडीसारखी उभी राहायची. तिच्या पोटावर सासऱ्यांच्या वेळेपासूनचे डांबर थरावर थर चढले होते. डांबराने पाणी आत येत नाही हे खरे, पण ते उन्हात पाघळते. नाव वाळूवर ओढली की त्यात वाळू रुतते, शिंपले रुततात, मग पाण्यात शेवाळ धरते. अशी नाव पाणी कापत नाही, खरवडत जाते. मंदाच्या बाबांचा खांदा धड होता तोवर हे कुणाच्या ध्यानात आले नाही. मंदा आमची थोरली मुलगी. यजमानांचे नाव मी तोंडाने घेत नाही, तर लिहू कशी?

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या मागच्या-पुढच्या पावसाळ्यातले हे आहे. श्रावणात नदी चढलेली असताना नावेतला एक बैल मध्यावर बिथरला. मंदाच्या बाबांनी कासरा हाताला गुंडाळून त्याला धरून ठेवले. बैलाने उडी घेतलीच. उजवा खांदा उखळीतून निघाला, नाव खडकावर आदळून एक फळी तडकली, आणि बैल पोहत आपल्या घरी जाऊन गोठ्यात उभा राहिला. हाड बसवणाऱ्याने खांदा बसवला. पण हात कानाच्या वर जाईना. बल्ली रोवायला हात डोक्याच्या वर न्यावा लागतो.

माझे धाकटे दीर किसन लहान डोंग्यावर फेऱ्या करू लागले. नाव काठावर ओढली. एका दुपारी किसन माझ्याकडे आले.

"वैनी, दादाले तुमीच समजवा. दादा घाटावर बसून तिकिटं फाडीन, नाव मी पाहतो. त्याच्या मानात काही कमी होनार नाही."

किसन वाईट नव्हते. त्यांचे बरोबर होते, हीच अडचण होती. मी बाहेर आले तर मंदाचे बाबा उंबराखाली बसले होते, नदीकडे पाठ करून. नदीकडे पाठ करून बसलेला नावाडी मी तोवर पाहिला नव्हता. मला तेवढे पुरे झाले.

शेवटचा शब्द सासूबाईंचा असायचा. आमच्याकडे दसऱ्याला नावेची पूजा असते. नाव आदल्या दिवशी पलीकडे नेऊन ठेवतात. पलीकडचा काठ तिचे माहेर समजायचे, आणि दसऱ्याच्या सकाळी भरल्या उतारूंनिशी तिला सासरी आणायचे. ही पहिली फेरी जो एकट्याने आणेल, वर्षभर नाव त्याची. मध्ये दुसऱ्याने बल्लीला की वल्ह्याला हात लावला, तर नाव त्या दुसऱ्याची. सासूबाईंनी दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितले, "दसरा ठरवीन. मी नाही ठरवत."

मंदाचे बाबा उठून पुन्हा उंबराखाली जाऊन बसले. मी त्या रात्री निजले आणि सकाळी उठून शीड शिवायला बसले.

दसऱ्याच्या सुमारास वारा उगवतीकडून येतो, म्हणजे पलीकडून येताना पाठीशी. खांदा जे करणार नाही ते वारा करेल, असा माझा साधा हिशेब. वडिलांनी जिनातून कापसाच्या गाठींचे बारदान पाठवले, ते फार जड झाले. मग सासूबाईंची आणि माझी जुनी लुगडी जोडली. फळी बदलून झाली होती, तेव्हा नाव पाण्यात लोटून शीड चढवले. शीड छान फुगले. नाव मात्र जराशी कुशीवर कलली आणि तिथेच राहिली. काठावरचे लोक हसून लोळले.

"नावेले लुगडं नेसवलं वं माय! आता कुकू लावा, वटी भरा!"

सोनी याडी शेळ्यांमधून ओरडली, "ए, नेसवलं तं नेसवलं, चालवा तं खरं तिले!"

मी शीड उतरवले. जिनात वाढलेल्या माणसाला एवढे कळायला हवे होते. पट्टा ओढतो आणि चाक फिरत नाही, तेव्हा पट्ट्याला दोष द्यायचा नसतो. कुठे घासते ते शोधायचे असते. नाव परत काठावर ओढली आणि उपडी केली.

डांबर काढायला तापवलेले खुरपे घ्यावे लागले. त्यातून काय काय निघाले! वाळू, शिंपले, माशाचे खवले, आणि कुणाच्या तरी लेकराच्या पायातली एक घुंगरी. ती कधीची, कुणाची, कोणी सांगू शकले नाही. मी ती नावेच्या तोंडाशी बांधली. खालचे सागवान इतक्या वर्षांनी उजेडात आले तेव्हा मंदाचे बाबा उंबराखालून उठून बघायला आले. "अजून पिवळं आहे," एवढेच म्हणाले.

आता या पोटाला काय लावायचे? मी वणीला युसूफभाईंकडे गेले. ते ट्रकांचे मिस्त्री, वडिलांचे जुने स्नेही. त्यांनी डबाभर पिवळे ग्रीस दिले. "बेटी, ट्रक का पूरा वजन इसी पे फिरता. लगा के देखो, मक्खन!" मला ते पटले. ग्रीसवर चाके फिरताना मी लहानपणापासून पाहिली होती. दोन दिवस राबून सगळ्या पोटाला बोटभर ग्रीस लावले आणि नाव वाळूवरून पाण्याकडे ओढली. पाण्यापर्यंत पोचेतो वाळू, पालापाचोळा, शेळ्यांच्या लेंड्या, सगळे पोटाला चिकटले. लोळून उठलेल्या म्हशीसारखी ती दिसत होती. श्रावणानंतर पहिल्यांदाच मंदाचे बाबा हसले, आणि इतके हसले की दुखरा खांदा धरून खाली बसले. "तुह्या बापाले सांगजो," ते म्हणाले, "का पोरीनं नावेची भजी केली!" पुढच्या बाजारी युसूफभाई स्वतः बघून गेले. कपाळावर हात मारून म्हणाले, "बेटी, ट्रक नदी में नहीं चलता, ये तो मैं भूलच गया."

चरबीचेही कोणी तरी सुचवले. कोकणात की कुठे लावतात म्हणे. सोनी याडीने एकच प्रश्न विचारला, "कायची चरबी?" मी तो विचार तिथेच सोडला. नाव सगळ्यांची असते. पाय ठेवताना एकाच्याही मनात शंका येता कामा नये.

ग्रीस काढायला राख घेऊन बसले. सासूबाई बाजूला बाज टाकून बघत होत्या. पंचक्रोशीतल्या बाळंतिणींना तेल चोळायला त्याच जायच्या. त्यांचा हात लागला की पाठ सरळ होते, असे बायका म्हणायच्या. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या,

"काहून वं, बाळंतिणीच्या पोटाले तेल लावून तसंच सोडून देतेत का?"

"नाही, आत्याबाई. चोळतेत."

"कोठवर चोळतेत?"

"जिरेपर्यंत."

"मंग? तू सकाळपासून नुसती लावून राह्यली. लावू नोको. जिरव."

मी हातातली राख खाली टाकली. डांबर आम्ही लावत होतो. ग्रीस मी लावले. जे लावले ते वर राहणार, आणि जे वर राहिले ते धरणार. वाळू धरेल, शेवाळ धरेल, पाणी धरेल. निसरडे काय आहे ते मी शोधत होते, पण नावेला वर काही नकोच होते.

"जिरलं हे कसं कयते?" मी विचारले. मला ठाऊक होते, तरी त्यांच्याकडून ऐकायचे होते.

त्यांनी आपला तळवा पुढे केला. "हा कोरडा पडते. तळव्याले खोटं सांगता येत नाही."

जवस आमच्या भागात घरचेच. त्याचे तेल काढून आणले, चिमूटभर राळ टाकून कढवले. आधी पारिजातकाची पाने घेऊन सागवान घासले. ती पाने खरखरीत असतात, लाकूड गालासारखे मऊ करतात. मग थोडे थोडे तेल तळव्यावर घेऊन चोळायचे, तळवा कोरडा होईपर्यंत. भादव्याच्या उन्हात वाळू द्यायचे. मग पुन्हा पाने, पुन्हा तेल. पहिल्या हातानंतर मंदाचे बाबा न सांगता पलीकडच्या बाजूला येऊन बसले आणि डाव्या हाताने चोळू लागले. मध्ये उपडी नाव. मला ते दिसायचे नाहीत, त्यांना मी दिसायची नाही. फक्त लाकडावर फिरणाऱ्या हाताचा आवाज यायचा. तो थांबला की मी विचारायची, "जिरलं का?" ते म्हणायचे, "जिरलं." तेवढेच आमचे त्या दिवसांतले बोलणे, आणि मला ते पुष्कळ वाटायचे.

शेवटच्या हाताला मला एक गोष्ट आठवली. जिनातल्या गाठी बांधायच्या प्रेसच्या लाकडी खाचांना वडील तेल घालत नसत. तेलावर रुई चिकटते. तिथे ते शिसपेन्सिलीत असते तसली काळी पूड कोरडीच घासायचे. मी निरोप पाठवला, त्यांनी पुरचुंडी पाठवली. पण ग्रीसनंतर माझी हिंमत कमी झाली होती. म्हणून आधी सागाच्या तीन फळकुट्या घेतल्या. एकीला डांबर, दुसरीला नुसते जिरवलेले तेल, तिसरीला तेल आणि वरून काळी पूड. तिन्हींना सारखी दोरी बांधली आणि धारेत सोडल्या. पाणी फळीला ओढते, ती ओढ दोरीतून हाताला लागते. जी कमी ओढेल तिचे पोट बरे.

"डोये मिटा," मी मंदाच्या बाबांना म्हटले आणि दोऱ्या एकेक करून त्यांच्या हातात दिल्या. दुखऱ्या हातात, मुद्दाम.

पहिली धरली. "ही डांबराची. खांदा सांगून राह्यला."

दुसरी धरली. "ही बरी आहे."

तिसरी दिली आणि ते गडबडीने डोळे उघडून धारेकडे बघू लागले. "सुटली ना वं! फळी गेली!"

फळी कुठे गेली नव्हती. दोरीच्या टोकाला तशीच तरंगत होती. हाताला ओढ इतकी कमी लागली की त्यांना ती सुटली असे वाटले. आम्ही दोघे गुडघाभर पाण्यात उभे राहून त्या फळकुटीकडे बघत राहिलो. मग ते म्हणाले, "पूड आहे का पुरेशी?"

दसऱ्याच्या सकाळी पलीकडच्या काठावर गर्दी होती. माहेरची म्हणून तिकडच्या बायकांनी नावेला हळदकुंकू वाहिले. सोनी याडीने काळेभोर पोट बघून विचारले, "ए, रंगवली का इले?" मी म्हटले, "नाही याडी, चोळली." ती शेळ्या घेऊन चढली. माणसे, पोती, शेळ्या, नाव काठोकाठ भरली. किसन पुढे बसले, वल्हे पायाशी ठेवून. मी शिडाची दोरी धरली; बंदी बल्ली-वल्ह्याला होती, दोरीला नव्हती. मंदाचे बाबा मागे उभे राहिले, आणि अलीकडच्या काठावर सासूबाईंचे पांढरे लुगडे दिसत होते.

निघालो ते चांगले निघालो. वारा पाठीशी होता. उथळ पाण्यात ते खांद्याने न रेटता बल्ली कमरेशी धरून सगळे अंग मागे टाकत होते. ती रीत त्यांनी एकट्याने, कुणाला न दाखवता शिकून घेतली असावी. नाव सरकत होती. आणि नदीच्या मध्यावर, बल्ली टेकेनाशी झाली तिथेच, वारा पडला. लुगड्यांचे शीड खाली लोंबले.

"लाजली वं!" सोनी याडी म्हणाली. कोणी हसले नाही. सगळ्यांना दसऱ्याचे ठाऊक होते.

वल्हे किसनच्या पायाशी होते. एकट्याने ते मारायचे म्हणजे हात डोक्यावर उचलणे आले. किसननी मागे वळून बघितले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचे काही नव्हते.  त्यांचा हात वल्ह्याकडे गेला.

"थांब," मंदाचे बाबा म्हणाले.

"दादा, नाव धारेले लागन."

"थांब. ऐक."

आम्ही ऐकले. जुनी नाव मध्यावर आली की तिच्या तोंडाशी पाणी खळखळायचे आणि रेटा सरला की ती खळखळ बंद पडायची. आता खळखळ नव्हतीच. अंगणात कोणी बारीक झाडू मारावा तसा पोटाखालून सळसळ आवाज येत होता, आणि तो थांबत नव्हता. वारा नाही, बल्ली नाही, वल्हे नाही, आणि नाव चालली होती. आधी मिळालेल्या रेट्यावर ती घसरत होती. तोंडाशी बांधलेली घुंगरी मधूनच वाजायची. मंदाचे बाबा बल्ली आडवी धरून उभे होते आणि खाली पाण्याकडे बघत होते. सोनी याडीने एका शेळीचे तोंड हाताने दाबून धरले, तिने ओरडू नये म्हणून.

आवाज मंदावत गेला. अगदी मंदावला. मग त्यांनी बल्ली खाली सोडली आणि ती टेकली. त्यांनी डोळे मिटले, अंग मागे टाकले, आणि नाव पुन्हा सरकली.

नाव काठाला लागली. सासूबाई गुडघाभर पाण्यात आल्या. वाकून त्यांनी पाण्याखालून नावेच्या पोटावर तळवा फिरवला, जसा बाळंतिणीच्या पोटावर फिरवायच्या तसाच. मग थोरल्या मुलाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जिरलं."

किसननी वल्हे उचलून भावाच्या पायाशी ठेवले आणि शेळ्या उतरवू लागले. पुढे वर्षानुवर्षे दोघांनी मिळून नाव चालवली. मागे थोरले, पुढे धाकटे. खांदा काही पूर्ण बरा झाला नाही. शिडाचा उपयोगही फारसा झाला नाही, कारण वारा आमच्या फेऱ्यांच्या वेळा पाळत नसे. शिडाची ती लुगडी मी पुढे गोधडीला लावली. नावेचे पोट मात्र दर वर्षी जिरवले, सासूबाई गेल्या त्या वर्षीसुद्धा.

महाराष्ट्र झाला, आणि त्यानंतर काही वर्षांनी वरच्या अंगाला पूल झाला. पूल चांगला आहे. अडलेल्या बाईला गाडीत घालून थेट दवाखान्यात नेता येते, याहून मोठे काय? नवऱ्या आता कुठे रडणे थांबवतात ते मात्र मला कळत नाही. सोनी याडी पहिल्या दिवशी शेळ्या घेऊन पुलावरून आली आणि तक्रार करून गेली की एवढ्या लांबवर बोलायला कोणी नसते.

नाव आमच्या अंगणात चार खांबांवर उपडी ठेवली आहे. खाली कडबा राहतो, कोरडा. कोणी म्हणते विकून टाका, सागवान आहे. वैशाखात मी तिला तेल देते. पाऊस आता वरून येतो, तेल तर लागणारच. उरलेले तेल वाटीत काढून ठेवते.

थंडीत मंदाच्या बाबांचा खांदा आखडतो. जेवणे झाली की ते भिंतीकडे तोंड करून निजतात आणि मी ते तेल चोळते. थोड्या वेळाने विचारते, "जिरलं का?"

"नाही वं, अजून कोठं," ते म्हणतात.

माझा तळवा केव्हाच कोरडा पडलेला असतो. मी चोळत राहते.